स्टॅमफर्डच्या दगडी भिंतींत सिमेंट भरू नका : जुनी घरं घेतलेल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रति,
इंग्लंडमधल्या स्टॅमफर्ड आणि आसपासच्या गावांत जुनी दगडी घरं विकत घेतलेली, भाड्यानं दिलेली किंवा दुरुस्तीला काढलेली सर्व मराठी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे, पण उघड लिहितो आहोत, कारण प्रश्न एकट्यादुकट्या घराचा राहिलेला नाही. पीटरबरो, केंब्रिज किंवा लेस्टरला नोकरी आणि राहायला स्टॅमफर्ड, ओकमसारखं जुनं गाव, असं ठरवून तुमच्यापैकी अनेकांनी दोन-तीनशे वर्षांची घरं घेतली. त्यात आनंदच आहे. पण घराचा ताबा मिळाला की परांची लागते, भिंतीतला जुना चुना यंत्रानं कापून काढला जातो आणि त्या जागी करडं सिमेंट भरलं जातं. आठवड्याभरात काम उरकतं. भिंत स्वच्छ, रेखीव दिसते. मालक खूश, कंत्राटदार पैसे घेऊन मोकळा. भिंत मात्र त्या दिवसापासून आतून बिघडू लागते, आणि ते तीन-चार हिवाळे गेल्याशिवाय कळत नाही.

आम्ही जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहोत आणि याच भागात राहतो. ही नासधूस अडाणीपणानं होते, वाईट हेतूनं नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच गप्प न बसता, काय चुकतं आणि काय करायला हवं ते सविस्तर मांडतो.

आधी गावाविषयी थोडं. लिंकनशायरच्या दक्षिण टोकाला, वेलंड नदीच्या काठी, जेमतेम वीस हजार वस्तीचं हे गाव. लंडनहून उत्तरेकडे जाणारा जुना राजमार्ग इथूनच जायचा. पुढे रेल्वेचा मुख्य मार्ग पीटरबरोवरून गेला आणि १९६० साली मोठा रस्ताही गावाबाहेरून वळवला, त्यामुळे गावाचा गाभा मोडतोडीतून वाचला. मध्ययुगातली पाच चर्चं अजून उभी आहेत. सहाशेहून अधिक इमारती वारसा यादीत आहेत. १९६७ साली कायदा झाला तेव्हा इंग्लंडमधलं पहिलं संवर्धन क्षेत्र म्हणून याच गावाची निवड झाली. शुक्रवारी ब्रॉड स्ट्रीटला आठवडी बाजार भरतो आणि लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, मध्यावर, मदरिंग संडेच्या (इथल्या मातृदिनाच्या) पाठोपाठ, गावाच्या ऐन रस्त्यांत जत्रेचे पाळणे लागतात. हे सगळं ज्या भिंतींच्या सावलीत चालतं, त्या भिंती याच मातीतल्या आहेत. बार्नॅकची खाण मध्ययुगात नावाजलेली होती, तिचा दगड पीटरबरो आणि ईलीच्या कॅथीड्रलना गेला. ती संपल्यावर केटन आणि क्लिप्शमच्या खाणींचा आधार झाला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातलं वास्तुविशारद क्रिस्टोफर रेननं बांधलेलं वाचनालय केटनच्या दगडाचं आहे. त्याच केटनमध्ये आज सिमेंटचा मोठा कारखाना आहे. सिमेंटशी आमचं भांडण नाही. नवीन पुलाला, नवीन पायाला ते हवंच. जुन्या चुनखडीच्या भिंतीत ते नको.

का नको, ते भिंतीची रचना पाहिली की समजतं. तुमच्या घराची भिंत साधारण ४५० ते ६०० मिलीमीटर जाड आहे. बाहेरून एक दगडी थर, आतून एक, आणि मध्ये दगडाचे तुकडे, माती आणि चुन्याची भर. आजच्या घरांसारखी मध्ये पोकळी नाही, पायाशी ओल अडवणारा पट्टा नाही. ही भिंत पाऊस थोडा आत घेते आणि वारा-ऊन मिळालं की परत बाहेर टाकते. पाणी बाहेर पडण्याची मुख्य वाट म्हणजे दगडांमधल्या दरजा, कारण दरजेतला चुन्याचा माल दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. दर पिढी-दोन पिढ्यांनी माल झिजतो, तो पुन्हा भरायचा, दगड शाबूत राहतो. जुन्या गवंड्यांचा सगळा हिशेब यावर उभा होता.

दरजेत सिमेंट भरलं की हा हिशेब उलटा होतो. सिमेंट दगडाहून कठीण आणि पाण्याला जवळजवळ बंद. भिंत ऊन-थंडीनं किंचित हलते, सिमेंट हलत नाही, म्हणून दरजेच्या कडेला केसाएवढी चीर पडते. त्या चिरेतून पाऊस आत शिरतो, पण बाहेर यायला दरज उघडी नसते. मग पाणी दगडातूनच बाहेर पडायला लागतं आणि सोबत क्षार आणतं. क्षार दगडाच्या पृष्ठभागामागे स्फटिक धरतात. हिवाळ्यात तिथेच अडकलेलं पाणी गोठून फुगतं. दगडाचा दर्शनी भाग पापुद्र्यासारखा सुटतो, आणि दोन दगडांमधलं सिमेंट जाळीसारखं पुढे आलेलं उरतं. सेंट मेरीज हिलवरून खाली पुलाकडे चालत जाताना डोळे उघडे ठेवलेत तर चुन्याची भिंत आणि सिमेंटची भिंत तुम्हालाच वेगळी ओळखता येईल. माल झिजलेला आणि दगडाची कड धारदार, तर भिंत निरोगी. दगड खोल गेलेला आणि दरज बाहेर आलेली, तर तिथे सिमेंट आहे.

आम्हाला सर्वांत जास्त बोचतं ते हे, की चुना आपल्याला परका नाही. पुण्या-नाशिकचे वाडे, घाटमाथ्यावरचे किल्ले चुन्यातच उभे राहिले. बैलांच्या घाणीत वाळूसोबत चुना मळायचा, कुठे त्यात गूळ, कुठे हिरड्याचं किंवा बेलफळाचं पाणी घालायचं, हे आपल्या गवंड्यांचं ज्ञान. त्याच वाड्यांवर नंतर सिमेंटचा गिलावा चढला आणि भिंती कशा फुगल्या, हेही आपण पाहिलं आहे. तीच चूक इथे दहापट खर्च करून करायची गरज नाही.

आता काम कसं व्हायला हवं. कंत्राटदारासमोर हा भाग वाचून दाखवलात तरी चालेल.

जिथला माल खरोखर सुटला आहे, बोट घातलं की भुगा पडतो, तेवढ्याच दरजा उघडायच्या. भिंतीच्या दहाव्या हिश्श्याला दुरुस्ती लागते आणि पैसे सगळ्या भिंतीचे लावले जातात, हे नेहमीचं आहे. घट्ट बसलेला जुना चुना काढू नका. दरज हातानंच मोकळी करायची, अरुंद छिन्नी आणि हलका हातोडा घेऊन. फिरतं कापणी-यंत्र आडव्या दरजेत सरळ जातं, पण उभ्या दरजेत वरचा-खालचा दगड कापल्याशिवाय राहत नाही. तो काप कायमचा. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिलीमीटर. दर्शनी बाजूला तासीव दगडाची भिंत असेल, जिथे दरज जेमतेम दोन-तीन मिलीमीटरची आणि नुसत्या चुन्याच्या लोण्याची (भिजवून मुरवलेल्या चुन्याची) असते, तिथे तर यंत्र लावूच नये. ती दरज रुंद केली की अठराव्या शतकातल्या जॉर्जियन घराचा चेहराच जातो.

नंतर वरून खाली पाण्यानं धुऊन धूळ काढायची. कोरडा दगड मालातलं पाणी शोषून घेतो आणि माल जोर धरण्याआधीच भुगा होतो, म्हणून आदल्या संध्याकाळी आणि भरण्यापूर्वी भिंत ओली करायची. दगड ओलसर हवा, पाणी निथळत असता कामा नये.

माल दोन तऱ्हेचा. पहिला मुरवलेल्या चुन्याच्या लोण्याचा : चुनकळी पाण्यात भिजवून निदान तीन महिने मुरवलेलं लोणी एक भाग, धारदार कणांची धुतलेली वाळू तीन भाग. दुसरा पाण्यातही घट्ट होणाऱ्या नैसर्गिक हायड्रॉलिक चुन्याचा. हा पोत्यात पावडर म्हणून मिळतो, २, ३.५ आणि ५ अशा प्रतींत. आकडा जितका मोठा तितका माल कठीण. इथल्या मऊ चुनखडीला २ नंबर बहुतेक ठिकाणी पुरतो, उघड्या वाऱ्यापावसाच्या जागी ३.५ नंबर. प्रमाण एक भाग चुना, अडीच भाग वाळू. ५ नंबर घरांच्या भिंतींना शक्यतो नको. ‘चुन्यात थोडं सिमेंट टाकलं की लवकर सेट होतं’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. थोडं सिमेंट चुन्याचा लवचीकपणा घालवतं आणि स्वतःचं बळही पुरतं देत नाही. वाळूत सूक्ष्मापासून चार-पाच मिलीमीटरपर्यंत सगळ्या मापाचे कण हवेत. भिंतीचा रंग वाळूनं येतो, म्हणून जुन्या मालाचा तुकडा सोबत नेऊन वाळू जुळवायची.

माल घट्ट कालवायचा, इतका की मुठीत गोळा राहील. दरजेपेक्षा अरुंद लोखंडी पट्टीनं तो मागपर्यंत दाबायचा, एका थरात २० मिलीमीटरहून जास्त नाही. दगडाच्या पातळीला किंवा किंचित आत थांबायचं. दगडाच्या कडेवर माल पसरवायचा नाही, आणि बाहेर उचललेली पट्टी तर मुळीच काढायची नाही. त्या पट्टीवर पावसाचं पाणी साचतं आणि खालच्या दगडात मुरतं. अंगठा दाबला तर ठसा उमटत नाही पण नख रुततं, अशी वेळ आली की ताठ ब्रशनं माल ठोकायचा. वरची साय निघते, वाळूचे कण उघडे पडतात, बारीक भेगा मिटतात. मग ओलं गोणपाट टांगायचं आणि आठवडाभर ते सुकू द्यायचं नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि त्याला ओलावा लागतो. पाच अंशांखाली तापमान गेलं की काम बंद. म्हणजे इथे एप्रिल ते सप्टेंबर हाच हंगाम. नोव्हेंबरात ‘करून टाकतो’ म्हणणाऱ्याला काम देऊ नका. पहिल्याच गोठणाऱ्या रात्री ताजा माल फुटतो, आणि मग ‘चुना टिकत नाही’ अशी बदनामी होते.

दुसरी तक्रार ओलीच्या नावाखाली चाललेल्या विक्रीची आहे. भिंतीला दोन टोच्यांचं यंत्र लावतात, ते ओरडतं, आणि ‘जमिनीतून ओल चढते आहे’ असं सांगून रसायनाची इंजेक्शनं गळ्यात मारतात. ते यंत्र विजेचा अडथळा मोजतं आणि त्याचे आकडे लाकडासाठी बेतलेले असतात. भिंतीत क्षार असले, जुन्या कागदामागे धातूचा पातळ पत्रा असला तरी ते ओरडतं. खरी ओल मोजायची तर भिंतीच्या आतला चुरा काढून कार्बाइडच्या बाटलीत तपासतात किंवा भट्टीत सुकवून आधीचं-नंतरचं वजन घेतात. बरं, इंजेक्शन घेतलंच तरी मध्ये मातीची भर असलेल्या भिंतीत रसायन सलग पसरत नाही. त्यावर आतून मीटरभर उंच जलरोधक सिमेंटचा गिलावा करतात, म्हणजे डाग झाकला जातो आणि पाणी त्या गिलाव्याच्या वरच्या काठाला डोकं काढतं.

आमच्या कामात ओलीचं कारण बहुतेक वेळा साधं निघतं. पन्हळ तुंबलेली, बिडाच्या नळाला भिंतीकडच्या बाजूनं तडा गेलेला, किंवा बाहेरची जमीन वर्षानुवर्षं चढत आतल्या फरशीच्या वर आलेली. धो धो पाऊस पडत असताना छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा, अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तिथेच मिळतात. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा १५० ते २०० मिलीमीटर खाली हवी. भिंतीला चिकटलेली काँक्रीटची पायवाट काढून तिथे खडी भरा. पण चर खोल खणू नका. या घरांचे पाये उथळ आहेत, पायाच्या खाली गेलात तर भिंत बसेल. कारण दूर झाल्यावर भिंत सुकायला वेळ द्या. ढोबळ हिशेब २५ मिलीमीटरला एक महिना, म्हणजे तुमच्या भिंतीला दीड-दोन वर्षं. तोवर आतून प्लास्टिक रंग लावू नका, चुन्याचा हात द्या. आणि आपल्या घरांत कुकरच्या शिट्ट्या, भाताची वाफ, आत वाळत घातलेले कपडे यांनी बाष्प भरपूर होतं. स्वयंपाकघराचा पंखा हवा फिरवून परत घरात सोडणारा नको, नळीनं थेट बाहेर टाकणारा हवा.

छपराचं नुकसान सर्वांत महाग आणि परत न भरून येणारं. स्टॅमफर्डची बरीच जुनी छपरं कॉलीवेस्टनच्या पातळ दगडी फरश्यांची आहेत. हे गाव इथून हाकेच्या अंतरावर. नावाला स्लेट म्हणतात, पण आहे तीही चुनखडीच. हिवाळ्यात खाणीतून काढलेले ठोकळे उघड्यावर मांडायचे, पाणी मारून सतत ओले ठेवायचे आणि कडाक्याच्या थंडीनं ते थराथरांत सुटायची वाट पाहायची. एकदा का ठोकळा आत सुकला, की पुन्हा फुटत नाही. हिवाळे सौम्य झाले तशी ही रीत बंद पडत आली. अलीकडे शीतपेटीत गोठवून-वितळवून ती पुन्हा सुरू झाली आहे. म्हणजे तुमच्या छपरावरची प्रत्येक फरशी जपण्याजोगी आहे. खाली पागोळीला सर्वांत मोठ्या फरश्या, वर आढ्याकडे लहान होत गेलेल्या. उतरवताना लांबीप्रमाणे रचून ठेवल्या तर चांगल्या फरश्या पुन्हा त्याच ओळीत बसतात. ढिगात टाकल्या तर फुटतात, किंवा दुसऱ्याच गावी विकल्या जातात आणि तुमच्या माथ्यावर काँक्रीटची नक्कल येते. ऊब राहावी म्हणून या छपराला आतून फवाऱ्याचा फेस मारून घेणाऱ्यांना आमची हात जोडून विनंती आहे, थांबा. फेस फरशीला चिकटला की फरशी कामातून गेली, पट्ट्या आणि वासे आतल्या आत कुजतात आणि काही दिसत नाही. इथले अनेक कर्जदाते असा फेस दिसला तर घरावर कर्ज देत नाहीत. ऊब हवी असेल तर पोटमाळ्याच्या जमिनीवर मेंढीच्या लोकरीचा थर घाला, पागोळीकडे वारा खेळता ठेवा.

खिडक्यांबद्दल थोडक्यात. वर-खाली सरकणारी खिडकी अडकते म्हणून ती काढून प्लास्टिकची बसवतात. अडकण्याचं कारण बहुधा रंगाचे थर किंवा तुटलेली दोरी. चौकटीच्या पोकळीत लोखंडी वजनं असतात. आतली पट्टी काढून, नवी सुती दोरी ओवून, वजन पुन्हा टांगलं की खिडकी बोटानं सरकते. वरच्या तावदानाची वजनं त्याच्यापेक्षा जरा जड, खालच्याची जरा हलकी, म्हणजे दोन्ही आपापल्या जागी घट्ट मिटतात. कुजतो तो खालचा आडवा तुकडा, तेवढाच कापून नवीन लाकूड जोडता येतं. कडेला ब्रशची पट्टी आणि आतून दुसरं तावदान बसवलं तर खिडकीतून जाणारी उष्णता निम्म्याहून अधिक वाचते, आणि जुनी लहरदार काचही राहते.

कायद्याचं पाहायचं तर, तुमचं घर यादीत असेल तर १९९० च्या कायद्यानुसार आतलंही सगळं यादीत आहे, श्रेणी कुठलीही असो. घराचं स्वरूप बदलणारं काम परवानगीशिवाय केलं तर तो फौजदारी गुन्हा आहे. आधीच्या मालकानं केलेलं बेकायदा काम काढून टाकण्याची नोटीस तुमच्यावरही येऊ शकते, त्याला मुदत नाही. आणि या परवानगीच्या अर्जाला शुल्क नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. खर्चाची तुमची तक्रार मात्र आम्हाला मान्य आहे. नवीन घरावर मूल्यवर्धित कर शून्य आणि जुन्याच्या दुरुस्तीवर २० टक्के, हा अन्याय आहे. २०१२ साली यादीतल्या घरांच्या मंजूर बदलांवरची सवलतही गेली. पण म्हणूनच तेच काम दोनदा करावं लागू नये.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. घरमालकांनी भावपत्रकात मालाचं प्रमाण, चुन्याची प्रत आणि ‘कापणी-यंत्र वापरणार नाही’ हे लेखी घ्यावं, आणि आधी एक चौरस मीटरचा नमुना करवून तो सुकल्यावर पाहून मगच पुढे जावं. ओलीचा अहवाल अशाच तज्ज्ञाकडून घ्यावा जो तपासणीची फी घेतो आणि उपाय विकत नाही. घरं भाड्यानं देणाऱ्यांनी बुरशीवर रंग मारून भाडेकरूच्या स्वयंपाकाला दोष देणं बंद करावं, आधी पन्हळ आणि पंखा बघावा. मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांत कंत्राटदारांची नावं पुढे पाठवणाऱ्यांनी ‘स्वस्त आणि लवकर’ एवढंच न लिहिता त्यानं कुठल्या घराला कुठला माल वापरला तेही लिहावं. आपल्या गवंडी आणि कंत्राटदार बांधवांनी चुन्याचं काम शिकून घ्यावं. इथे त्याला मागणी आहे आणि जाणते हात कमी आहेत.

ज्यांच्या भिंतीत सिमेंट आधीच गेलं आहे त्यांनी घाबरून सगळं उखडू नये. कोपऱ्यातल्या एका हातभर जागेत काढून पाहा. छिन्नीच्या हलक्या ठोक्यानं ते सुटत असेल तर टप्प्याटप्प्यानं काढून चुना भरा. दगडाची कड सोबत येत असेल तर राहू द्या, ते सैल होईपर्यंत थांबा.

आणि या उन्हाळ्यासाठी ज्यांची परांची ठरली आहे, त्यांनी आजच भावपत्रक काढून मालाची ओळ वाचावी. तिथे सिमेंट लिहिलेलं असेल तर काम सुरू होण्याआधी थांबवावं.

आपले,
जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीत काम करणारे तुमचे मराठी शेजारी